विलोबर्नला पाणी ओसरलं तेव्हा

जुलैच्या, ऐन हिवाळ्यातल्या सुट्टीत आम्ही ॲडलेडहून गाडीनं निघालो होतो. मी, माझा नवरा क्लाइव्ह, अकरा वर्षांची टेस आणि माझ्या सासूबाई, नोला. मेलबर्न झालं, कॅनबेरा झालं. सगळीकडे तीच थंडी, तेच ओले मोजे हीटरवर वाळत घालणं, आणि क्लाइव्हचं, "इथवर आलोच आहोत तर तेही बघून घेऊ." नवव्या दिवशी मला काहीच बघायचं नव्हतं. फक्त झोपायचं होतं.

सासूबाईंनी मात्र सबंध प्रवासात एकच गोष्ट मागितली होती. त्यांचं जन्मगाव, विलोबर्न. त्या सात वर्षांच्या असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्यांच्या आईला गाव सोडायचंच नव्हतं. घर रिकामं करायच्या आधीच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियानं तिथेच वारली. यंदा दुष्काळानं तलाव आटला होता, आणि गावातला रस्ता, घरांचे चौथरे पुन्हा उघडे पडले होते.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तलावावर धुकं उतरत होतं. क्लाइव्ह स्टिअरिंगवर डोकं टेकून पेंगायला लागला. टेसनं आजीचा हात धरला.

"दहा मिनिटांत परत या हं," मी म्हणाले.

"अगं, पाय मोकळे करून येते. तू पड जरा. चेहरा बघ कसा उतरलाय."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काचेपलीकडे नुसतं पांढरं. मी खाली उतरले, आणि वास आला. चुलीतल्या लाकडांचा, तळलेल्या मटणाच्या चरबीचा. मग कुठंतरी खाली जाळीचं दार आपटलं. तिथं गुडघ्याएवढी भिंतसुद्धा उभी नव्हती.

मी उतारावरून जायला लागले. भेगाळलेला चिखल पायाखाली कचकचत होता. थोडं पुढे बोलणं ऐकू आलं.

"नाही गं आई... जेवायला नाही थांबत. वर सगळे खोळंबलेत." आवाज सासूबाईंचा, पण लाडात आलेल्या मुलीसारखा.

मग दुसरा आवाज. बाईचा, दमलेला, शांत. "किती वर्षांनी आलीस... पानं वाढलीत. बरं, तू जा. पोरीला राहू दे."



"ती नको," सासूबाई हळूच म्हणाल्या. "...मी बसते."

मी टेसच्या नावानं ओरडले. ती धुक्यातून धावत आली आणि माझ्या पोटावर आदळली. तिचे हात शेकोटीपाशी धरल्यासारखे गरम होते. मी तिला ओढत वर आणलं. सासूबाईंना हाक मारली नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाहीये.

गाडीशी पोचलो, तर सासूबाई मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या.

"आई मघाशीच आली की," क्लाइव्ह म्हणाला. "तुम्ही दोघी कुठे भटकत होतात?"

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. टेस आत बसेना. माझ्या कोटात तोंड खुपसून कुजबुजली, "ही नाही... आजी तिकडे जेवतेय."

"गप. बस पुढे."

मी दमले होते हो. थंडीनं बोटं वळत नव्हती. तिला पुढे बसवलं, मी मागे बसले. मुक्कामाला पोचेपर्यंत दोन तास शेजारून गार चिखलाचा वास येत राहिला.

त्याला दोन वर्षं झाली. त्या आमच्याकडेच असतात. गुडघे दुखायचे थांबलेत, क्लाइव्ह खूश आहे. टेस त्यांच्यासोबत एका खोलीत एकटी थांबत नाही. मी त्यांचं जेवण करते, कपडे धुते, अंथरूण घालते. कधी वाटतं, सरळ विचारावं. पण उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं, तेवढी ताकद माझ्यात उरलेली नाही.

मागच्या मंगळवारी हिरड्या दुखतात म्हणाल्या. पंचवीस वर्षांपासून त्यांना कवळी आहे, तीच टोचत असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तो बराच वेळ तोंडात बघत राहिला. मग त्यानं मला बाहेर बोलावलं.

"यांचं वय काय म्हणालात?"

"एकाहत्तर."

त्यानं दार नीट लोटून घेतलं.

"खालच्या हिरडीतून चार दात वर येतायत," तो म्हणाला. "दुधाचे."