गाडी कोण चालवत होतं?

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर शेवट तरी बरा केला असता.

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रीची नाही, सकाळची. साडेदहाच्या सुमाराची. भुतं रात्रीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या किनाऱ्यावर एक उन्हाळा काढून बघावा. समुद्रावरून धुकं चढतं आणि अख्खा दिवस पुसून टाकतं.

रस्ता किरिताप्पुहून नेमुरोला जाणारा. किनाऱ्याकिनाऱ्याने.

गाडीत दोघंच. मी, हिसाए. आणि माझा धाकटा भाऊ इसामु.

ताशी ८४

मावशीचं श्राद्ध होतं. अकराला देवळात मंत्र सुरू होणार होते आणि आम्ही अजून अर्ध्या वाटेत. मांडीवर मांजूचा, गोड सारणाच्या उकडलेल्या पावांचा, खोका. गोड वास गाडीभर.

रस्त्यावर मर्यादा साठची. इसामु चौऱ्याऐंशीने चालला होता.

"हळू रे."

"ताई, पाठीमागे बसून सूचना देणाऱ्यांचं मी ऐकत नाही."

"मी पुढेच बसलेय."

"मग तर मुळीच नाही."

तो ऐकायचा फक्त एकीचं. डॅशबोर्डवरच्या त्या यंत्राचं. पोलिसांच्या रडारची लहर पकडली की आतून एक मुलगी गोड आवाजात सांगायची, पुढे वेगमोजणी आहे, वेग सांभाळा. जुन्या ठरलेल्या जागाही तिला पाठ. चर्चजवळचं वळण, बंद पडलेली शाळा, दूध डेपोचा उतार.

"बायकोचं एवढं ऐकलं असतंस," मी म्हटलं, "तर केईकोने पुतळा उभारला असता तुझा."

"केईको लायसन्स वाचवते का माझं? ही वाचवते."

हे मात्र खरं होतं. इसामु दुधाचा टँकर चालवतो. आदल्या वर्षात दोनदा वेगात सापडला होता. आता आणखी एकदा पकडला गेला की लायसन्स जप्त. लायसन्स गेलं की टँकर गेला. त्याची मुलगी साप्पोरोला नर्सिंग शिकतेय.

तरी चौऱ्याऐंशी!

आम्ही चर्चजवळच्या वळणावरून गेलो.

यंत्र काही बोललं नाही.

बंद शाळा मागे पडली.

ती गप्पच...

"बिघडलं वाटतं," इसामु म्हणाला. त्याने यंत्रावर टिचकी मारली. हिरवा दिवा लागलेला होता. ती चालू होती. फक्त बोलत नव्हती.

आणि धुकं आलं.

ताशी ६०

समोरून एका गाडीने दिवे मारले. दोनदा. पटपट.

आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो. पुढे पोलीस उंदीर धरायला बसलेत, सांभाळून जा. आम्ही त्या मोजणीला उंदीर धरणंच म्हणतो.

इसामुने पाय उचलला. साठ. हात वर करून त्याने आभार मानले.

"बघ. यंत्रापेक्षा माणसं बरी."

गाडी बाजूने गेली. पण...

टायरचा आवाज आला नाही. ओल्या डांबरावर जो चरचर आवाज येतो ना, तो आलाच नाही.

दुसरी गाडी. पुन्हा दिवे.

तिसरी.

चौथी.

"आज सगळा गाव बाहेर पडलाय की काय?" इसामु हसला. पण हसणं अर्ध्यावर राहिलं.

कारण चौथी गाडी अगदी जवळून गेली आणि तिच्यात डाव्या सीटवर एक बाई बसली होती. आमच्याकडे बघत. काच तिच्या श्वासाने पांढरी झालेली. उजवीकडे, चाकामागे...

मला कोणी दिसलं नाही. धुकं होतं. मी शपथ घेणार नाही.

"इसामु, परत फिरू या."

"या रस्त्यावर? गाडी वळवायला जागा कुठाय?"

खरंच नव्हती. डावीकडे चर, उजवीकडे चर, पुढे पांढरं, मागे पांढरं. मघापर्यंत समुद्रपक्षी ओरडत होते. ते कधी थांबले, कळलं नाही.

तेवढ्यात यंत्र बोललं.

"मोजणी झाली आहे."

हे वाक्य त्या यंत्रात नाही. इसामुने नंतर... नाही, नंतरचं नंतर. आधी हे सांगते.

ताशी ०

धुक्यातून लाल झेंडा आला. मग झेंडा धरणारा हात. मग रेनकोट. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. त्याने झेंड्याने रस्त्याकडेची जागा दाखवली आणि मागे न बघता धुक्यात शिरला.

इसामुने गाडी कडेला घेतली. त्याचे हात चाकावरच राहिले.

"दिवे मारायच्या आधीच मोजलं असणार मला," तो म्हणाला. "संपलं, ताई."

मी भावाकडे पाहिलं. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, शाळेत नापास झाल्यावर बसायचा तसा बसलेला.

आणि माझ्या डोक्यात ते आलं, जे आमच्याकडे प्रत्येक घरात कधी ना कधी कोणाच्या तरी डोक्यात येतं.

माझं लायसन्स सोनेरी पट्टीचं. एक डाग नाही. मी फार छान चालवते म्हणून नव्हे, चालवतच नाही म्हणून. नवरा गेल्यापासून चाकाला हात लावलेला नाही.

"सरक," मी म्हटलं.

"काय?"

"इकडे सरक. मी चालवत होते."

"वेडी आहेस का? गुन्हा आहे तो."

"धुक्यात त्याला त्याचे बूट दिसत नसतील. माझ्या लायसन्सचे पॉइंट जाऊन जाऊन किती जातील? सरक म्हणते ना, ढोल्या."

आमच्या गाडीची पुढची सीट बाकासारखी सलग आहे. तो माझ्यावरून, मी त्याच्याखालून, मांजूचा खोका चेपला. क्षणभर दोघांनाही हसू आलं.

ते शेवटचं.

मी उजव्या दारातून उतरले.

आत

गवतात पांढरी मिनीबस उभी होती. आत गेले. दार माझ्यामागे आपोआप सरकलं.

आतून त्याला कडी नव्हती.

ओल्या लोकरीचा आणि शाईचा वास. घडीचं टेबल. टेबलामागे एक पोलीस. मागच्या बाकांवर माणसं, दाटीवाटीने, गुडघ्यांवर हात ठेवून. प्रत्येकाच्या डाव्या हाताचं एक बोट काळं. सही केली की ठसा घेतातच, त्यात नवल नाही.

नवल हे, की कोणी हलत नव्हतं. आणि दाराजवळचा म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, जसा तहानलेला माणूस पेल्याकडे बघतो. पायात कोळ्याचे गमबूट.

"लायसन्स."

दिलं.

"घाईत होतात का?"

"हो. श्राद्ध आहे."

"सगळेच घाईत असतात."

त्याने वेगाची पट्टी माझ्यासमोर ठेवली. ही पट्टी यंत्रातून निघते, तिच्यावर आपला वेग छापलेला असतो. मी वाचली.

"यावर शून्य आहे."

"हो. इथे सगळ्यांचं तेवढंच येतं."

"म्हणजे माझा गुन्हा काय?"

त्याने पेन उचललं.

"गाडी तुम्हीच चालवत होता?"

मागून एका बाईचा आवाज आला. हळू. "खरंच तुम्ही चालवत होता का? नीट आठवा."

"ए, गप्प बस," म्हातारा तिच्यावर खेकसला. मग मला, लाडीगोडीने, "हो म्हणा ना. हो म्हणून मोकळ्या व्हा."

"गाडी तुम्हीच चालवत होता?"

मला तिथून बाहेर पडायचं होतं. बस, एवढंच. आणि टँकर. आणि साप्पोरोची पोरगी.

"हो. मीच."

बाकावरची सगळी माणसं एकदम सरकली. एकेक जागा. माझ्यासाठी जागा झाली.

म्हातारा उठला. दार त्याच्यासाठी उघडलं. तो खाली उतरला आणि धुक्यात चालू लागला. आमची गाडी उभी होती, त्याच दिशेने.

दार बंद.

"बसा," पोलीस म्हणाला. "सही. मग बोट."

मी बसले. का बसले? पाय आपोआप वाकले. पलीकडच्या माणसाचा खांदा माझ्या खांद्याला लागला. बर्फासारखा गार नव्हता, काहीच नव्हता. खुर्चीची पाठ लागावी तसा.

शाईची डबी पुढे आली.

मी बोट उचललं...

दारावर थाप पडली.

"ताई!"

दार उघडलं. इसामु. धापा टाकत, केस ओले, एका गालाला चेपलेल्या मांजूचं सारण.

"ती खोटं बोलतेय, साहेब. चाक माझ्या हातात होतं."

"इसामु, गप्प राहा! तुझी नोकरी—"

"नोकरीचं बघू. तुझ्या नावावर माझं पाप नको." मग मला दंडाला धरून उठवत, हळूच, "शिवाय तू चालवत होतीस हे कोण मानणार आहे? तुला रिव्हर्स तरी येते का?"

"तुम्ही चालवत होता?" पोलिसाने विचारलं.

"हो."

तो बसला. माझ्या जागेवर. त्याने सही केली. बोट शाईत बुडवलं.

"जा, गाडीत बस. आलोच मी."

मी गेले.

थांबले नाही. वळूनही पाहिलं नाही. बाहेरची हवा एवढी गोड लागली की मी जवळजवळ पळत होते.

पुन्हा ०

गाडीत डाव्या सीटवर इसामु बसला होता. पट्टा लावून. मांडीवर खोका.

"किती वेळ, ताई! किती दंड लावला?"

मी दार धरून उभी राहिले.

"तू... तू आत्ता आत होतास."

"मी? तू सरक म्हणालीस, मी इथे बसलो. जागचा हललो नाही."

त्याचा हात ओढून घेतला. डावं बोट बघितलं.

स्वच्छ.

गालही स्वच्छ.

मागे वळून धावले. गवत होतं. उभंच्या उभं, न दबलेलं. चाकाची खूण नाही. मी "इसामु!" म्हणून ओरडले, आणि गाडीतून उत्तर आलं.

"अगं इथे आहे मी! काय झालंय तुला?"

ताशी ३०

देवळापर्यंत मीच चालवली. तो म्हणाला, आता तूच चालव, पोलिसांच्या कागदावर चालक तूच आहेस. वाटेत यंत्र सगळं नीट सांगत होतं. उतार, वळण, पूल. इसामुने नंतर त्याचे सगळे आवाज ऐकून काढले. ते वाक्य त्यात नाही.

आठवड्याने मी पोलीस चौकीत गेले. जागा अदलाबदल केली, मी खोटं बोलले, सगळं सांगितलं. तरुण पोलीस होता. त्याने चहा दिला.

"काकू, धुक्यात आम्ही मोजणी लावत नाही. गाडी दिसली तर धरणार ना!"

"मग माझा भाऊ कुठे आहे?"

"बाहेर गाडीत बसलेत ते कोण?"

बाहेर बसलेला तोच होता. मला सोडायला आलेला.

मी त्याला खूप तपासलं. लहानपणचं विचारलं. बर्फात हरवलेला डावा बूट, बाबांची शेवटची शिवी, मी चोरलेला खेकडा. सगळं माहीत आहे. माझी टर उडवतो तशीच उडवतो. केईकोला काही वेगळं वाटत नाही. पोरीला नाही. टँकर चालू आहे, लायसन्स शाबूत आहे.

मी जे वाचवायला गेले, ते सगळं वाचलंय.

ताशी ९०

या उन्हाळ्यात मी पुन्हा गाडी शिकले. धुकं उतरलं की निघते. तोच रस्ता. साठच्या जागी नव्वद. डोळ्यांसमोर पांढरं असतं, एखाद दिवशी चरात जाईन. जाते तरी.

कोणीतरी मला पकडावं म्हणून.

त्या पट्टीवर सगळ्यांचं शून्यच येतं, हे मी विसरलेले नाही. वेगाने जाऊन उपयोग नसेलही. पण बाकावर जाऊन "उठ, मीच चालवत होते" असं म्हणायला आधी तिथे पोचायला तर हवं.

समोरून दिवे येत नाहीत. झेंडा येत नाही. नेमुरोपर्यंत जाते आणि परत येते.

काल धुकं होतं. मी गाडीत बसले तर तो बॉनेटसमोर उभा. घरच्या चपलांवर आलेला.

"ताई, नको ना जाऊस."

"बाजूला हो. पाव आणायला चाललेय."

"खोटं बोलू नकोस. तू कुठे जातेस मला माहितीये." त्याने दोन्ही हात बॉनेटवर टेकले. "मी इथे आहे. बघ ना माझ्याकडे. मी आहे ना इथे?"

तो रडत होता. इसामु रडतो तसाच, नाक आधी लाल होतं.

हा माझा भाऊ असेल तर मी त्याला दर धुक्यात रडवतेय.

आणि नसेल तर... तो ज्याला घाबरतोय, ते मी करायलाच हवं.

मी इंजिन सुरू केलं. तो हलला नाही. मी हॉर्न वाजवला. तो हलला नाही.

रिव्हर्स टाकली, आणि दुसऱ्या बाजूने गेले.