दगडापाशी थांब

सन दोन हजार तेवीस. पानगळ सरलेली, हिवाळा दाराशी. नोव्हेंबरची पंचवीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी टोटेनझोनटाग, म्हणजे इथला मेलेल्यांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं त्या दिवशी चर्चमध्ये मोठ्याने वाचतात आणि नावागणिक एक मेणबत्ती लावतात. हे ध्यानात ठेवा. आणि ते मोबाईल पालथे घाला. बाई माझ्या ओळखीची आहे. ऐकीव सांगत नाही.

शुभा तिचं नाव. मूळची सांगलीची, बॉनला येऊन पंचवीस वर्षं झाली. जुनं जर्मन हस्ताक्षर तिला वाचता येतं, भल्याभल्या जर्मनांना येत नाही. अमेरिकेतली माणसं तिच्याकडून आपले पूर्वज शोधून घेतात. तेव्हा असंच एक काम हातात होतं. पेनसिल्व्हेनियातलं एक जुनं घराणं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, १७४९ साली, त्यांचा मूळपुरुष योहान पेटर इथल्या डोंगरातल्या एका खेड्यातून तिकडे गेला. घराण्याला वंशावळ हवी होती. पत्रात बजावलं होतं, फक्त सरळ रेघ, भावंडं नकोत.

शुभा त्या खेड्यात गेली. पाद्रीणबाईंनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दिली. योहान पेटर सापडला. त्याच्या खाली, त्याच आईबापांची लेक, आना काटरीना. समासात त्या वेळच्या पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "भावाने हिच्या वाट्यासकट घर विकले. वेशीवरच्या दगडापाशी थांब, गाडी घेऊन येतो, म्हणाला. दुसऱ्या वाटेने गेला. ही थांबली आहे."

पानावरच्या प्रत्येक नावापुढे मृत्यूचा क्रूस होता. हिच्यापुढे नव्हता.

शुभाने दोनदा वाचलं. नाव आपल्या कागदावर उतरवलं होतं, ते खोडलं. सरळ रेघ म्हणजे सरळ रेघ.

"सापडलं?" पाद्रीणबाईंनी विचारलं.

"या," शुभा म्हणाली. इथे 'हो'ला 'या' म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. पंचवीस वर्षांत तोंडात बसलेलं.

शेवटची बस आठ बाराला. थांबा वेशीवर. धुकं इतकं, की दिव्याचा उजेड खाली पोचत नव्हता. थांब्यापासून दहा पावलांवर एक उभा दगड, आणि दगडाला टेकून एक मुलगी. अठराएक वर्षांची. डोक्याला रुमाल, अंगात कोट नाही.

"कोम्ट एर?" तिने विचारलं. येतोय का तो?

जर्मनमध्ये बस पुल्लिंगी. शुभा म्हणाली, "या, या. आठ बाराला."

मुलगी हसली. फार दिवसांनी हसावं तशी.

तेवढ्यात शुभाच्या फोनला रेंज आली. मावसबहिणीने, वैभवीने, सांगलीहून फोटो पाठवला होता. शुभाच्या आईचं घर. आईने शिवणयंत्रावर पाय मारून उभं केलेलं. फाटकावर बिल्डरचा फलक.

दहाच दिवसांपूर्वी शुभाने हक्कसोडपत्रावर सही केली होती. वकिलातीचा शिक्का घेऊन कागद धाकट्या भावाला, कुमारला पाठवला होता. कुमार म्हणाला होता, "नुसता कागद गं ताई. घर कुठे जातंय? मागची खोली तुझीच."

तिने फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. कुमारने पहिल्या रिंगला उचलला. जागाच होता.

"फलक कुणी लावला?"

"ताई... एवढ्या रात्री?"

"कुणी लावला, कुमार?"

"मंगळवारी रजिस्ट्री आहे. सांगणारच होतो तुला."

"माझी खोली?"

"तू आता तिकडचीच झालीस ना. तुला काय कमी आहे?"

मग फोन बंद झाला.

"एर कोम्ट निख्ट."

तो येत नाही. आवाज कानापाशी आला.

शुभाने मान वळवली. दगडापाशी कोणी नव्हतं. मुलगी इथे होती. हाताच्या अंतरावर. थंडीने शुभाच्या तोंडातून वाफ निघत होती. मुलीच्या... नव्हती.

"तू म्हणालीस, येतो."

समासातलं अक्षर शुभाच्या डोळ्यांपुढे आलं. मुलगी बसचं विचारत नव्हती.

"मला खोडलंस. तूसुद्धा."

"लिहिशील?"

शुभाची जर्मन आटली. तोंडात आईची भाषा तेवढी उरली. नकोशा पाहुण्याला वाटेला लावतात तसे हात जोडून ती म्हणाली, "या. या... या..."

मग तिला कळलं, मुलीच्या कानी तो 'हो' गेला.

मुलीने एकदा मान हलवली. शब्द घेतला.

बसचे दिवे आले. रस्ता रिकामा होता.

सकाळच्या पहिल्या बसने शुभा परत गेली. घंटा व्हायच्या होत्या.

"एक नाव वाढवा," ती पाद्रीणबाईंना म्हणाली.

"कधी वारल्या?"

"माहीत नाही."

"आम्ही या वर्षीचीच नावं वाचतो."

"मी शब्द दिलाय."

पाद्रीणबाईंनी वही उघडली. समास वाचला. बराच वेळ वाचला. मग आतून एक मेणबत्ती घेऊन आल्या.

आना काटरीना. सगळ्यांत शेवटी वाचलं. चर्चभर ऐकू गेलं.

परतताना बसमध्येच शुभाने वंशावळीत पेटरच्या शेजारी तिचं नाव लिहिलं. समासातल्या ओळीही खाली उतरवल्या. घराणं रागावेल. रागावू दे.

मंगळवार. बॉनला उजाडायचं होतं. फोन वाजला. कुमार.

"ताई, रजिस्ट्रारच्या ऑफिसात आहे. तुझा कागद... शिक्का आहे, नाव आहे. सही नाही."

"मी केली होती."

"माहीत आहे. शुक्रवारी मी स्वतः बघितली. पाकीट कपाटात, किल्ली माझ्याकडे. आता तिथे कोरं आहे. खाडाखोड नाही. आणि तेवढीच जागा... ओली आहे. बर्फासारखी लागतेय बोटाला."

शुभाने टेबलावरचा दिवा लावला.

"दुसरा पाठवशील ना? ताई?"

"नाही. तिने फेडलं," शुभा म्हणाली, आणि फोन ठेवला.