गादीवर बसू नये

लाइट गेली तं जाऊ द्या, मोबाइल ठेवा खाली. प्रफुल, तू हसू नको. हे आपल्या चंद्रभानसंगं झालं. चाळीस वर्षं त्यानं वर्ध्याच्या एकाच दुकानात कापड फाडलं. खोटं बोलता आलं असतं तं तो नोकर नाई, मालक झाला असता.

त्या दुकानाले शंभर वर्षं झाली. खाली भांडी, जोडे, ट्रंका. लाकडी जिना चढून वर गेलं का कापडाची गादी, गिऱ्हाइकानं बसून माल पाहायची. मालकाचा नातू भूपेंद्र, त्यानं पाहुण्यांसाठी नवीनच टूम काढली. कानाले हेडफोन लावायचा आन् दुकान फिरायचं. जिन्यापाशी बटन दाबलं का जिन्याची गोष्ट, गादीपाशी दाबलं का गादीची. आवाज चंद्रभानचा, मजकूर भूपेंद्रचा.

यंदाची अठरा जानेवारी, रविवार, पौषातली अमावास्या. रात्री सव्वानऊले चंद्रभान आवाज भरायले गेला, कारण दिवसा बाजाराचा कल्ला. एकटाच गादीवर बसून मोबाइलमध्ये वाचून राह्यलता. मंग ते वाक्य आलं : ‘या गादीवर गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच मान होता.’

वाचलं. लावून ऐकलं. मागचं होतं, पुढचं होतं. तेवढं वाक्य नव्हतं.

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

वाक्य खोटं होतं. त्याले माहीत होतं ना. तीस वर्षांमागं रोहण्याकडची एक गोंड बाई, भागाबाई, पोरीच्या लग्नाचं लुगडं घ्यायले आलती. तिसऱ्या पायरीवर चंद्रभाननंच तिले अडवलं. "तुले खालूनच दाखवतो, मालकाचा हुकूम आहे." ती म्हणाली, "पाहीन तं गादीवर बसूनच पाहीन." आन् तिथंच पायरीवर बसली, दुकान बंद होईस्तोर. लुगडं न घेता गेली. पुढच्या साली वारली. चंद्रभानले त्याची लय लाज वाटे, मले कितीदा बोललाय.

तिसऱ्यांदा वाचलं. लावलं. नाई...

जिना वाजला.

एक पायरी. दुसरी. तिसरी...

थांबलं.

चंद्रभान पळाला नाई. जिन्याकडं तोंड करून बोलला. "या भागाबाई. वर या. आज तुमाले कोणी अडवणार नाई."

...

चौथी पायरी वाजली.

त्यानं कपाटातली लुगडी काढून गादीवर पसरली. मान वर केली नाई. मोबाइल चालू केला आन् जे झालतं ते सांगितलं. तिचं नाव घेतलं. "तिले मी अडवलं," हेही बोलला. लावून ऐकलं. शब्दन् शब्द होता.

सकाळी भूपेंद्र भडकला. "काका, दुकानाची इज्जत काढता काय? हे पुसा."

"तू पूस," चंद्रभान म्हणाला. "माझा आवाज पाह्यजे तं हाच भेटन."

भूपेंद्रनं पुसलं. तिघांकडून वाचून घेतलं. ते वाक्य कोणाच्याच आवाजात उमटलं नाई. शेवटी चंद्रभानच्या हातापाया पडून त्याच्याकडून जे खरं तेच पुन्हा भरून घेतलं. आता पाहुणे तेच ऐकतात.

पण मालकाचा तोरा जाते थोडाच. गादीभोवती दोरी बांधली, वर पाटी लावली : ‘गादीवर बसू नये.’ रोज रात्री चादर बदलून, ताणून, भूपेंद्र स्वतः कुलूप लावते.

रोज सकाळी दोरी सुटलेली असते. चादरीवर एका माणसापुरता खोलगा असते. मी स्वतः हात लावून पाह्यला, पोट्टेहो.

गरम होता.