सात हात सुतळी

खापरच्या बाजारात ज्याने एकदा अन्वर पिंजाऱ्याकडून गादी घेतली, तो पुन्हा दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. कापूस आता मशीन पिंजतं, पण गादीला टाके घालायचं काम त्याच्या बायकोचं, अतिकाचंच. तिने मारलेली गाठ सुटत नाही. लोक अन्वरला चिडवत, लग्नाची गाठही हिनेच मारली वाटतं, म्हणून चौदा वर्षं टिकली. अतिका हसून सोडून देई. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. मामीच्या घरात तिला कामासाठी हाका पुष्कळ पडल्या, जेवलीस का म्हणून कधी पडली नाही. लग्नानंतर पाळणाही हलला नाही.

म्हणून बालकल्याण समितीने पोर सांभाळायला दिली, तेव्हा अतिकाने अल्लाचे, समितीचे आणि फाइल आणणाऱ्या शिपायाचेही आभार मानले. पोरीचं नाव मोगी, वय पाच, डोंगरातल्या पाड्यावरची. आई तिला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. तिकडे तोडीआधी फड पेटवतात. एकदा तो भलत्या बाजूने पेटला. मोगी एकटीच बांधावर सापडली. मनगटाला दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक जळालेलं होतं. फाइलीत एवढंच लिहिलं होतं. तीन महिने बघू, नाही रुळली तर बालगृहात परत न्यावी लागेल, असं समितीच्या मॅडमनी सांगितलं होतं.

मोगी रुळेना. बोलत नव्हती, डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. भाकरीचा तुकडा मुठीत धरून बसायची आणि तो तिथेच वाळायचा. दोन महिने असे गेले. मग एका दुपारी तिने सुतळीच्या गुंडीचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि गुंडी अतिकापुढे धरली. अतिकाच्या मांडीवर अर्धी शिवलेली गादी होती, हातात दाभण होता. तिने सात हात सुतळी मोजून तोडली, पोरीच्या मनगटाला नीट बांधली आणि दुसरं टोक मागच्या खिडकीच्या सळईला बांधून टाकलं. पाच मिनिटांत पोर झोपली. अतिका ओढणी तोंडात धरून रडली.

तीनच्या सुमारास सुतळी ताणली गेली आणि सैल पडली. पुन्हा ताणली गेली, पुन्हा सैल पडली. मोगीने झोपेतच मनगट दोनदा हलवलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. खिडकीमागे मोकळी जागा होती. तिथे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता आणि शेजाऱ्यांची शेळी बांधलेली असे. अतिकाने अन्वरला सांगितलं.

"वारा शे तो," अन्वर म्हणाला. "दुसरं काय ऱ्हाई?"

अतिकाने खिडकीखाली पिंजलेला कापूस पसरून ठेवला. त्यातला एक पुंजकाही दबला नाही. सळईवरची गाठ मात्र बदलली होती. तिची गाठ गोल बसे, ही चपटी होती, दुहेरी. तिला हात लावला तर बोटं काळी झाली आणि जळक्या उसाचा गोडसर वास आला. खापरच्या आसपास त्या दिवसांत कुठे ऊस पेटला नव्हता. पण मोगी आता दीड भाकरी खात होती, शेळीला बघून हसलीही होती. वारा तर वारा, त्याचे उपकार मानावेत आणि गप्प बसावं, असं अतिकाने ठरवलं.

पण जिचा जन्म मापं घेण्यात गेला, तिच्या नजरेतून काय सुटणार? आठवड्यात सुतळी सहा हात भरली. मग पाच. मोगीची गोधडी रोज खिडकीकडे थोडी सरकलेली असे. सुतळी चार हातांवर आली त्या दुपारी मोगी सळईला गाल लावून झोपली होती आणि तिचा एक हात खिडकीबाहेर होता. अतिकाने कात्री घेतली आणि सुतळी कापली.

मोगीला ताप भरला. तीन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सोमवारी मॅडम येणार होत्या. अतिकाला तिचा राग आला, खिडकीबाहेरच्या त्या दुसरीचा. मग स्वतःचाच आला.

शनिवारी बांबूच्या टोपल्या विकणारी भुरीबाई पाणी प्यायला दुकानात आली. तिने आयुष्यभर ऊस तोडला होता. कापलेली सुतळी बघून तिने सगळं विचारून घेतलं. फडात पोर हरवू नये म्हणून बायका दोरीचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधतात, दुसरं आपल्या कमरेला. आईने दोन हिसके दिले की अर्थ, मी इथेच आहे. पोराने दोन दिले की मीही.

"तू दोरी लोखंडले बांधी, बाई," भुरीबाई म्हणाली. "दोरी मानूसले बांधतस. पोरले कोनी धरं नही, मंग तिनी माय वढीच ना."

त्याच दुपारी अतिकाने नवी सुतळी घेतली. एक टोक मोगीच्या मनगटाला बांधलं. मधला भाग स्वतःच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली, सुटत नाही तशी. उरलेलं टोक खिडकीबाहेर सोडलं, कशालाही न बांधता. 

तीन वाजले.

बाहेरची शेळी ओरडायची थांबली.

सुतळी ताणली गेली. अतिका जागची हलली, खिडकीकडे ओढली गेली. तिने दोन्ही पाय जमिनीत रोवले.

"पोर मन्हाजोडे शे," ती हळूच म्हणाली. "तू दमी गई व्हशी. जरा बस."

सुतळी सैल पडली.

मग कमरेला दोन हिसके बसले. अगदी हलके.

तिने सुतळी धरून दोन हिसके दिले. संध्याकाळी मोगीचा ताप उतरला आणि तिने भाकरी मागितली, तोंडाने.

सोमवारी मॅडमनी मोगीला विचारलं, घरात कोण कोण आहे? मोगीने दोन बोटं दाखवली. दोन याहा, म्हणाली. याहा म्हणजे त्यांच्यात आई. एका बोटाने तिने अतिका दाखवली, दुसऱ्याने खिडकी. मुलीने आईचं जाणं स्वीकारलं आहे, असं मॅडमनी लिहिलं आणि मोगी राहिली. अतिकाने रात्री नमाजनंतर दोघींसाठी दुआ मागितली, एकीचं नाव ठाऊक नसताना.

आता मोगी शाळेत जाते. तिला सुतळी लागत नाही, खिडकीबाहेरही काही लोंबत नाही. परवा अन्वर नंदुरबारला कापूस आणायला गेला होता. पाच गाद्या शिवून अतिकाची पाठ मोडली होती. जेवण राहून गेलं होतं. तिथेच गादीवर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा जळक्या उसाचा वास येत होता. अंगावर मोगीची गोधडी होती. मोगीची शाळा सुटायला अजून दोन तास होते.

अतिकाच्या मनगटाला सुतळी बांधलेली होती. गाठ चपटी होती, दुहेरी. दुसरं टोक खिडकीबाहेर गेलं होतं.

दोन हिसके आले.

अतिकाचे डोळे भरून आले. तिने मनगट दोनदा हलवलं, कूस बदलली आणि परत झोपली.