मंगळावरचा खोकला

मंगळावरच्या वसाहतीत जन्मलेली नुरा छान मराठी बोलायची, पण प्रत्येक वाक्याआधी दोनदा खोकायची. ताप नाही, घसा ठणठणीत. वर्गातली बाकीची मुलंही तशीच. कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं. मराठी अशीच बोलतात, असं त्यांचं ठाम मत!

पृथ्वीवरून आलेला शार्दूल त्यांना जेवणघरात दिसला. आल्यापासून तो कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता, धड जेवलाही नव्हता. त्याला आपल्यात घ्यायचंच, असा नुरानं चंग बांधला होता. ती पुढं झाली, खोकली. "ये रे राजा, दोन घास खाऊन घे."

शार्दूल पांढराफटक पडला. मागून दुसरी मुलगी खोकली, मग आणखी एक मुलगा. "ये रे राजा..." तोच सूर, शेवटी तोच थकलेला उसासा.

"गप्प बसा!" शार्दूल किंचाळला. "माझी आजी वारलीय. तुम्ही तिच्यासारखं का बोलताय?"

नुराच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या तोंडून कोण बोललं? ती धावतच भाषातज्ज्ञ कुलथेबाईंकडे गेली.

बाईंनी बोलयंत्र (माणसांचं बोलणं ऐकून भाषा शिकलेलं आणि शिकवणारं यंत्र) तपासलं. "नोंदीप्रमाणे यात मराठीचा आवाज एकाच बाईंचा आहे, शार्दूलच्या आजीचा. त्यांनी आजारपणात धडे बोलून दिले होते. खोकला आजाराचा आणि शब्द भाषेचे, हे यंत्राला कसं कळणार? त्यानं सगळंच उचललं, आणि त्याच्याकडून तुम्ही."

"मग यंत्र बंद करायचं?"

"छे गं! शब्द, उच्चार ते उत्तम शिकवतं. पण तुमच्या घरी मराठी नाही, आणि तुम्ही कानाला यंत्र लावून एकेकटे घोकत बसलात. मराठीत कधी भांडलात? भाषा आपली होते ती समवयस्कांशी (आपल्याच वयाच्या मुलांशी) बोलताना. समोरचा अडवतो, हसतो, 'म्हणजे काय?' विचारतो."

नुरा परतली. खोकला दाबणं सोपं नव्हतं. घशाशी ती आजी उभीच होती. पण यंत्राचं एकही वाक्य वापरायचं नाही, असं ठरवून ती चाचरत म्हणाली, "शार्दूल, मला... भीती वाटला. तुला पण?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग नाक पुसत म्हणाला, "वाटली, म्हणतात गं. हो, लई वाटली."

"लई? म्हणजे काय? तुझ्या आजीनं... आमच्या यंत्राला मराठी शिकवली. पण हे त्यात नाही."

शार्दूलनं ताट पुढं ओढलं आणि तिला शेजारी जागा केली. "नसणारच. आजी घरी सारखं 'लई' म्हणायची. यंत्रापुढं उगाच शुद्ध बोलली असेल. बस, सांगतो. त्या बाकीच्यांनाही बोलव."