लाँगयिअरब्येन ते ट्रोम्सो

डेल्फ्टमधल्या त्या गल्लीत मार्च संपता संपता घरोघरी खिडक्यांत टेडी अस्वलं येऊन बसली होती. साथीमुळे शाळा बंद पडलेल्या मुलांनी फिरायला निघावं आणि ती मोजावीत, एवढीच तेव्हा करमणूक. गुरुनाथच्या खिडकीतही मृणालिनीने एक ठेवलं होतं. तिला सातवा महिना होता. गुरुनाथ दुधाच्या पिशव्यासुद्धा साबणाने धुऊन घरात घेई, आणि बायको हसली की चिडे.

त्याचं काम विमानमार्गांचं. कुठून कुठे किती अंतर, किती वेळ, हे सांगणारा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. नात्यातलं कुणीही तिकीट काढण्याआधी त्यालाच विचारत असे.

धवलनेही त्यालाच फोन केला. हा धाकटा भाऊ उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर, लाँगयिअरब्येनला, बर्फाचा अभ्यास करत होता. गेला होता बोटीने.

"दादा, होस्टेल रिकामं करायला सांगितलंय. तुझ्याकडे येऊ? इथून नॉर्वेतल्या ट्रोम्सोपर्यंत फ्लाइटला किती वेळ लागतो रे?"

पावणेदोन तास. गुरुनाथला तोंडपाठ होतं. पण डोळ्यांपुढे विमानतळांवरची खोकणारी माणसं आली आणि मृणालिनीचं पोट. सख्ख्या भावाला 'नको येऊस' म्हणायला मात्र जीभ रेटेना.

"नऊ तास," तो म्हणाला. "छोटं विमान, उलटे वारे. पुढची फ्लाइट चुकणारच. तिथेच कुणाकडे तरी राहा."

"नऊ तर नऊ. तू म्हणतोस म्हणजे असणार," धवल हसला. "इथे माझं कोण आहे? उद्या निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उडालं. दोन तासांनी गुरुनाथने स्क्रीनवर नकाशा उघडला, तर विमानाचा ठिपका बेटाच्या किनाऱ्यालगतच होता. आणखी तासाभराने जेमतेम सरकलेला. त्याने ट्रोम्सोच्या विमानतळावर फोन लावला.

"विमान वेळेवर आहे," पलीकडची बाई म्हणाली. "हा नऊ तासांचाच प्रवास आहे, सर."

त्याचा स्वतःचा प्रोग्रॅमही नऊच सांगत होता. जुन्या फायलींत तेच. भिंतीवरच्या कागदी नकाशाला त्याने दोरा लावून पाहिला. नॉर्वेच्या वरचा समुद्र रुंद झाला होता.

"मृणालिनी, हा समुद्र एवढा होता?"

"एवढाच तर आहे. जेवायला चल."

ताट तसंच ठेवून तो पुन्हा नकाशापाशी गेला. पोराने डोळे मिटून विश्वास टाकला, आणि आपण त्याला पाण्यावर लटकवून ठेवलं. एकदा उतरू दे, सगळं कबूल करतो, असं तो मनाशी घोकत राहिला.

संध्याकाळी फोन वाजला.

"उतरलो दादा. बरोब्बर नऊ तास." धवलचा आवाज बसला होता. "खाली नुसतं पाणी रे. विमानात कुणी एक शब्द बोललं नाही. आता पुढच्या फ्लाइटमध्ये बसतोय. इथून तुझ्यापर्यंत किती?"

साडेतीन तास. एवढंच सांगायचं होतं.

मृणालिनी दारात आली. "धवल ना? कधी पोचतोय? वरची खोली झाडून ठेवलीये मी."

तिकडे धवल खोकला. कोरडा, लांबलेला खोकला.

स्क्रीनवर त्याच्या प्रोग्रॅममध्ये या प्रवासाच्या वेळेची चौकट कोरी होती.

"दादा?"

"लांब आहे रे," गुरुनाथ म्हणाला.

चौकटीत आकडे उमटू लागले. एकामागून एक. ते थांबेनात.