गेनची बाजू घेणारा

"पुढच्या पानावर तो निघून जातो."

शेजारच्या सीटवरून हे वाक्य आलं तेव्हा मी पुढच्याच पानावर जाणार होते. आठवडाभर वाट बघितलेला भाग. सकाळचे सहा, कंपनीची पहिल्या शिफ्टची बस, क्रांती चौक सोडून जेमतेम चार मिनिटं झालेली. आणि कुणीतरी शेवट सांगून मोकळा.

मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही." त्याचा चेहरा खरोखर पडला. "सॉरी. तुम्ही उजवीकडून डावीकडं पानं उलटत होता... म्हटलं, आपल्यातलं माणूस दिसतंय."

हा धम्मपाल. वाळूजच्या आमच्याच कारखान्यात, स्टोअरला. मी करुणा, क्वालिटीला. दिवसभर पार्ट मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. माणसांनाही मी तसंच तपासते, असं आई म्हणते.

त्या दिवशी मी त्याला लाल पेटीतच टाकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढले, तर खिडकीच्या सीटवर रुमाल टाकलेला आणि शेजारी हा, खाली मान घालून.

"काल चूक झाली. बसा," म्हणाला.

ती मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, दर शनिवारी मोबाइलवर नवा भाग. मिओ नावाची मुलगी, बंदराचं गाव, आणि तिच्यावर जीव टाकणारे दोघं. इत्सुकी बोलका. दुसऱ्याच भागात त्यानं मिओला सरळ सांगितलं, पुढं नोकरीसाठी शहरात गेला, तिथूनही पत्रं पाठवतो. गेन सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. लहानपणापासून तिच्यावर प्रेम, आणि दीडशे भागांत एक शब्द बोललेला नाही. मी इत्सुकीच्या बाजूची. धम्मपाल गेनच्या.

जाताना चाळीस मिनिटं, येताना नगर नाक्यावर अडकलो तर तास. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि भांडणाला धार आली.

"गेन रोज तिच्या सायकलीत हवा भरून ठेवतो," धम्मपाल सांगायचा. "न सांगता. हे प्रेम नाही?"

"हवा आमच्या गल्लीतला पंक्चरवालाही भरतो."

"पंक्चरवाला पैसे घेतो."

"म्हणून तो बरा. निदान काय हवंय ते सांगतो."

"काही माणसांना नाही जमत गं बोलायला..."

"मग काही माणसांनी रडायचं नाही."

बस खडखडायची, नावं कुणाला नीट ऐकू जायची नाहीत. ऐकू जायचं ते एवढंच — ती, तो बोलका, तो सायकलवाला. एका दुपारी पुढच्या सीटवरून सारजाबाई वळल्या. त्या कॅन्टीनला असतात आणि त्यांना सगळ्या कारखान्याची खबर असते.

"करुणा, कोण गं ही पोरगी? आपल्या असेंब्लीतली का?"

"नाही हो मावशी."

"मग तिला म्हणावं, बोलक्याचं काय खरं नाय. शहरात गेलेला माणूस परत येत नसतो."

"अहो, पत्रं येतात त्याची," मी म्हणाले, आणि तिथंच चुकले.

"पत्र तर माझ्या नवऱ्याचंबी यायचं."

ड्रायव्हर अप्पारावांनी आरशातून बघत मत दिलं, "मुक्या माणसासंगं संसार लई अवघड असतो. आमच्या बायकोला विचारा, माझ्यासारख्या बडबड्यासंगं किती सोपा असतो." बस हसली. चित्रातली माणसं आहेत, जपानची आहेत, असं मी तीनदा सांगितलं. कुणावर परिणाम झाला नाही. पुढच्या सोमवारपासून बस दोन पार्ट्यांत वाटली गेली आणि मी चढले की विचारणा व्हायची, "मग? बोलला का तो?"

"नाही बोलला," असं मी दीड वर्ष सांगत आले. कधीकधी मला कळायचं नाही की मी कुणाबद्दल सांगतेय.

कारण रुमाल रोज असायचा. मला ऊन लागतं म्हणून त्यानं दुपारच्या फेरीला बाजू बदलली होती. मी तापानं घरी होते त्या आठवड्यात रोज त्याचा एकच मेसेज — 'बस आज वेळेवर होती.' आता याचं उत्तर काय द्यायचं? मीही इत्सुकीचीच बाजू घेणारी. मला शब्द हवे होते.

मग एका सोमवारी मी त्याला सांगितलं.

"रविवारी पैठणहून बघायला येणार आहेत. मुलगा इंजिनिअर आहे. येऊ द्यायचं की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला आईला सांगायचंय."

धम्मपालनं खिडकीबाहेर पाहिलं. छावणी गेली. नगर नाका गेला. मग तो म्हणाला, "या शनिवारचा भाग वाचलास? गेन स्टेशनपर्यंत गेला..."

मला वाटलं, मोबाइल त्याच्या डोक्यात घालावा.

"आजपासून या बसमध्ये मांगाचं नाव काढायचं नाही," मी म्हणाले. "गेन नाही, मिओ नाही, सायकल नाही. दुसरं काही बोलायचं असेल तर बोल."

मंगळवारी तो काही बोलला नाही. बुधवारी म्हणाला, "आज गरम आहे." गुरुवारी तेवढंही नाही. रुमाल मात्र जागेवर होता, आणि तो बघून माझा पारा आणखी चढायचा. बसही नाराज झाली. "तुमच्या भांडणापायी आम्हाला काय कळंना झालंय," सारजाबाई म्हणाल्या. उतरताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तूच का नाय सांगून टाकत?"

"पाहुणे येणार हे सांगितलं ना मावशी. आणखी किती सांगू?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला बस गेटबाहेर पडली. डब्यांचा आणि मशीनच्या तेलाचा वास, अर्धी बस पेंगलेली. आई पाचला फोन करणार होती. धम्मपाल मांडीवर हात ठेवून बसला होता. बोटांना खोक्यांवरची शाई लागलेली.

"करुणा."

मी वळले नाही.

"मी कंत्राटावर आहे."

"माहीत आहे. तुझं कार्ड निळं आहे, दीड वर्ष बघतेय."

"मार्चमध्ये पर्मनंट करतील म्हणाले होते. मागच्या मार्चमध्येही म्हणाले होते. मी ठरवलं होतं, झालो की बोलू. नुसतं तोंड घेऊन कुठं यायचं..." तो थांबला. सारजाबाईंचं डोकं पुढं अजिबात हललं नाही, म्हणजे त्या ऐकत होत्या. अप्पारावांनी गाणी बंद केली. "पैठणच्यांना नको म्हण."

"का?"

"तुला कळतंय."

"मला गेजमध्ये घालून बघायचंय. नीट बोल."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला तू आवडतेस. ज्या दिवशी मी ते पान सांगून टाकलं आणि तू माझ्याकडं खाऊ का गिळू बघितलंस ना... तेव्हापासून. मला तुझ्याशी लग्न करायचंय. कार्ड निळं असलं तरी."

मी खूप दिवस चिडून राहायचं ठरवलं होतं. पण हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकाच वेळी, त्यामुळं कुठं बघावं कळेना.

"दीड वर्ष," मी म्हणाले. "एवढ्या दोन ओळींना."

"हो."

"आवडतोस. मलाही."

मी पाच वाजायची वाट पाहिली नाही. आईला फोन लावला. "आई, पैठणच्यांना नको सांग. नाही, तब्येत ठीक आहे. दुसरा एक मुलगा आहे." पलीकडून प्रश्न सुरू झाले. कोण, कुठला, करतो काय, घरी कोण कोण. मी पहिल्याचंच उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात धम्मपालनं हात पुढं केला. फोन मागत होता.

मी दिला.

"जय भीम काकू. मी धम्मपाल बोलतोय, करुणाच्या कंपनीतला..." आणि तो अडकला. माझ्याकडं बघितलं. मी मदत केली नाही.

त्यानं एक दीर्घ श्वास घेतला.

"काकू, रविवारी मी घरी आलो तर चालेल का?"